हिराकाकींचे पॉइंट

हिराकाकी मला हाक मारत नसत, भिंत वाजवत. त्यांचं आणि आमचं स्वयंपाकघर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. पलीकडून पळीचे ठोके आले की समजायचं, काकींना काहीतरी सांगायचंय आणि ते आत्ताच्या आत्ता सांगायचंय. मी शाळेतून येऊन नुकतं चहाचं आधण ठेवलेलं असो की वह्या तपासायला बसलेली असो, गॅस बारीक करून जावं लागे. एकदा मुद्दाम गेले नाही, तर ठोके वाढत गेले आणि माझ्या बाजूच्या फळीवरचा मिठाचा डबा खाली आला. त्यानंतर मी डब्याची जागा बदलली आणि मुकाट्यानं जायला लागले.

भिवंडीत कामतघरच्या बाजूला आमची ती बिल्डिंग. मी घाटावरची, लग्न होऊन इथं आलेली, म्हणून काकींच्या लेखी कायमची कच्ची. मला भूगोल शिकवता येतो याचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं, पण ओले बोंबील साफ करता येत नाहीत याचं मनापासून वाईट वाटे. "टीचर, तुज्या पोराना मंग खायला कोन शिकवनार?" असं त्या खऱ्या काळजीनं विचारत. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही कोण जाणे. त्यांच्यासाठी मी टीचर, आणि माझे यजमान म्हणजे 'टीचरचा नवरा'. यजमानांनाही हळूहळू सवय झाली.

म्हात्रे मूळचे कशेळीचे आगरी. खाडीकाठची भातशेती होती, तिथं पुढं गोदामं उभी राहिली. धाकट्या दिरानं गावातच मोठा बंगला बांधला. थोरले धर्माकाका, म्हणजे काकींचे यजमान, तरुणपणीच भिवंडीत आले आणि यंत्रमागांच्या कारखान्यात जॉबर झाले. जॉबर म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारा माणूस. जन्मभर मागांच्या खडखडाटात उभं राहिल्यामुळे असेल, त्यांना बोलायची सवयच राहिली नव्हती. घरातलं सगळं बोलणं काकींच्या वाट्याला आलं होतं आणि त्यांनी तो वाटा कधी कमी पडू दिला नाही. एकुलता एक नितेश वडप्याला एका गोदामात सुपरवायझर होता. तो आईशी वाद घालायचा नाही, हो म्हणायचा आणि आपल्याला हवं ते करायचा.

बिल्डिंगीच्या मागच्या अंगाला एक मागांचा कारखाना होता. दिवसरात्र दोन शिफ्टमध्ये चालायचा. सुरुवातीला मला वाटे, इथं माणसं झोपतात कशी. मग महिन्याभरात आवाज ऐकू येईनासा झाला, आणि शुक्रवारी माग बंद असले की उलट त्या शांततेनं चुकल्यासारखं व्हायला लागलं. भिवंडीचा रविवार शुक्रवारी असतो. गळका नळ, अडलेलं कुलूप, बंद पडलेला पंखा, जे काही दुरुस्त व्हायचं ते शुक्रवारी, कारण कारागीर मोकळे सापडतात तेव्हाच. शुक्रवार बघून लोकांनी लग्नाच्या तारखा धरलेल्या मी पाहिल्या आहेत.

आमच्या बिल्डरनं स्वयंपाकघरात एकच प्लग पॉइंट दिला होता. ओट्याच्या वर, उजव्या कोपऱ्यात. तिथं फ्रिज लावला की घर भरलं. मिक्सर फिरवायचा तर फ्रिजची पिन काढायची, काम झालं की परत लावायची. सगळ्यांच्याच घरी ही कसरत. बहुतेकांनी एक्स्टेंशनच्या वायरी लोंबत्या सोडल्या होत्या. काकींना लोंबतं काही चालत नसे. त्यांनी त्या एका पॉइंटची कारखान्यासारखी ड्युटी लावली होती. मिक्सर हातात घेतला की फ्रिजला मोठ्यानं सांगत, "चल, सुटली तुजी शिफ्ट." आणि मिक्सर थोडा जास्त फिरला की त्याला दम देत, "तुना ओव्हरटाइम कोनी सांगितला?" मला आधी वाटलं घरात कुणी आहे. त्यात लोडशेडिंग. वीज जायच्या वेळा त्यांना तोंडपाठ होत्या, आणि सबंध मजल्याची वाटणंघाटणं काकींच्या ठोक्यांवर चालायची. भिंतीवर पळी वाजली की मी समजायचे, वीज जाणार, खोबरं वाटून घ्या.

त्यांच्या हाताबद्दल सांगायला हवं. तांदळाची भाकरी त्या परातीत थापत नसत, दोन तळहातांत फिरवत फिरवत वाढवत आणि बोलता बोलता तव्यावर टाकत. बघणाऱ्याला वाटावं यात काहीच नाही. मी घरी जाऊन करून बघितलं, तेव्हा पीठ कोपरापर्यंत आलं आणि भाकरी काही झाली नाही. कुणाच्याही घरचं कालवण त्या बोट लावून चाखत आणि एका शब्दात निकाल देत. "खारं." "कच्चं." चांगलं असलं तर काहीच बोलत नसत, वाटी पुढं करत. माझ्याकडं त्यांनी वाटी पुढं केली त्या दिवशी मी यजमानांना संध्याकाळी दोनदा सांगितलं.

मोबाईलवर इनकमिंग फुकट झालं त्याच्या आगेमागे कधीतरी, दिवाळीनंतर, काकींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. सकाळी भिंतीवर ठोके आले, पण ते पळीचे नव्हते, हाताचे होते आणि धर्माकाकांचे होते. मी धावत गेले तर काकी ओट्याखाली बसलेल्या, तोंड वाकडं झालेलं, डोळे मात्र गॅसवर. दूध उतू चाललं होतं. मी आधी त्यांना धरायला गेले तेव्हा त्या डाव्या हातानं दुधाकडं बोट दाखवत राहिल्या.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वाचा यायला वेळ लागेल, कदाचित पूर्ण येणारही नाही. धर्माकाका म्हणाले, "ती येल." त्यांनी केलेला तो मी ऐकलेला पहिला विनोद. वाचा खरंच सगळ्यात आधी आली. ओढत का होईना, पायही चालायला लागला. उजवा हात मात्र आला नाही. खांद्यापासून लोंबत राहिला, आणि काकींना लोंबतं काही चालत नसे. त्या तो हात पदरात गुंडाळून ठेवायच्या.

त्यानंतरचे काही महिने मला आठवतात ते त्यांच्या गप्प बसण्यामुळे. नितेशनं स्वयंपाकाला बाई आणली. ती भली होती. काकी तिच्या मागं खुर्ची टाकून बसत आणि ती निघून गेली की तिनं केलेली भाजी चाखून काहीच न बोलता भांडं झाकून ठेवत. भिंतीवर पळी वाजेनाशी झाली. मी आपणहून जायचे, पण मला बोलावलेलं नसायचं, त्यामुळे काय बोलावं सुचत नसे. मला त्यांची फार आठवण यायची, त्या समोर बसलेल्या असताना.

मग गौरीचा विषय निघाला. म्हात्र्यांच्या घराण्याची गवर, म्हणजे गौर, एकच. सगळे भाऊबंद तिच्यापुढं जमणार. ती बसते थोरल्या सुनेच्या घरी, पण त्याला एक अट आहे. दुसऱ्या दिवशीचा तिखटाचा नैवेद्य, मटण, चिंबोऱ्या, तांदळाच्या भाकऱ्या, हे सगळं त्या सुनेनं आपल्या हातानं रांधायचं. बाहेरच्या बाईच्या हातचं नाही चालत आणि दुसऱ्या सुनेच्या हातचंही नाही. जिच्या हातचा नैवेद्य, तिच्या घरी गवर. गणपतीपुढं पडदा ओढून गौरीला मटण दाखवतात हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पुरणपोळीवर वाढलेली मी चकित झाले होते. काकी म्हणाल्या होत्या, "माहेरवाशीन हाय ती. तिना काय आवरतं ते रांधायचा, तुमाना काय आवरतं ते न्हाय."

भाऊबंद येऊन बसले. सगळे सांभाळून बोलत होते. धाकट्या दिराचा बंगला मोठा आहे, त्यांची रंजना सगळं करते, हिरावहिनींनी आता आराम करावा. रंजना, काकींची धाकटी जाऊ, खाली मान घालून बसली होती. तिला गवर हवी होती की नव्हती, कुणी विचारलं नाही. काकींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"या साली गवर माज्याच घरान," त्या म्हणाल्या. "मी सोता रांधीन. न्हाय जमला तर पुढल्या सालापासून खुशाल कशेलीला न्या. मी तोंड उघरनार न्हाय."

"ह्ये शेवटचा जमायचा न्हाय," धर्माकाका म्हणाले. हा दुसरा विनोद. पण कुणी हसलं नाही, कारण काकींचा चेहरा बघवत नव्हता. लग्न होऊन आल्यापासून ज्या गौरीला त्यांनी स्वतःच्या हातानं जेवू घातलं होतं, ती या एका वर्षावर अडकली होती.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर पळी वाजली. मी गॅस बंदच करून पळाले.

काकींचा हिशेब सरळ होता. पाट्यावर वाटायला दोन हात लागतात, मशीनला एक बोट पुरतं. खोबरं खवायचं, वाटण वाटायचं, पीठ मळायचं, भात शिजवून ओतायचा, या सगळ्याला यंत्रं आहेत. पद्मानगरच्या एका तेलुगू बाईकडं त्यांनी ओट्यावर बसणारा दगडी ग्राइंडर बघितला होता, त्याला खोबरं खवायची जोडही होती. नितेशनं तो आणला, पीठ मळायचं मशीन आणलं, विजेवरचा भाताचा कुकर आणला. आईला काहीतरी आणून देता येतंय याचं त्याला बरं वाटत होतं. पण सगळ्यांना मिळून पॉइंट एक. आणि तिथंच अडलं. घट्ट बसलेली पिन काढायची तर एका हातानं बोर्ड दाबून धरावा लागतो. काकींकडं तो हातच नव्हता. मी डोळ्यांनी बघितलं, त्यांनी फ्रिजची पिन ओढली तेव्हा सगळा बोर्ड भिंतीतून सुटून हातात आला.

"हरेकाला त्याचा पॉइंट पायजे," त्या म्हणाल्या. "लावायचा, काराचा न्हाय." म्हणजे एकदा लावलेली पिन पुन्हा काढायची नाही.

सलीम हा मागच्या कारखान्यातलं वायरिंग बघणारा इलेक्ट्रिशियन. तो अर्थातच शुक्रवारी आला. त्याचं हिंदी आणि काकींचं आगरी, दोघांची भाषा दोघांना पुरत होती. पॉइंट कुठं द्यायचे हे दाखवायला काकी ओट्यासमोर उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि डावा हात सहज पुढं केला. जिथं तो टेकला तिथं हळदीचं बोट ओढलं. मग एक पाऊल सरकून दुसरं. असं करत त्यांनी भिंतीवर हळदीची बोटं उमटवली, एक वर, एक खाली, एक पार ओट्याच्या पोटात, कारण ग्राइंडर उचलता येणार नाही म्हणून तो बुटक्या स्टुलावर राहणार होता. सलीमनं विचारलं, पूजा आहे का. मग समजल्यावर म्हणाला, सगळे एका ओळीत घेऊ, दिसायला चांगलं.

"मना बघायला न्हाय, वापराला पायजे," काकी म्हणाल्या.

नळाजवळचा एक पॉइंट मात्र त्यानं मुळीच मान्य केला नाही. पाणी उडेल, काकी, म्हणाला, मी नाही लावणार. बराच वेळ दोघं तिथं उभे राहून भांडले. शेवटी काकींनी हळद पुसली आणि वीतभर सरकवली. त्यानं मीटरपासून वेगळी जाड वायर ओढली, अर्थिंग दिलं, भिंतभर केसिंगपट्ट्या ठोकल्या. त्याला वेळ फक्त शुक्रवारचा, म्हणून काम काही शुक्रवार चाललं. बटणं त्यानं काकींच्या सांगण्यावरून मोठी बसवली, कोपरानंही दाबता येतील अशी.

मधल्या काळात काकी भाकरीच्या मागं लागल्या होत्या. नितेशनं एका प्रदर्शनातून रोटी मेकर आणला. दोन तव्यांमध्ये गोळा ठेवायचा, वरून दाबायचं, पोळी तयार, असं त्या विक्रेत्यानं दाखवलं होतं. गव्हाचं त्याला माहीत असेल, तांदळाचं नव्हतं. काकींनी उकड काढून गोळा ठेवला, दाबला, आणि आतून एक वाफेचा आवाज आला. उघडून बघितलं तर भाकरीचे तुकडे चहूबाजूंना उडालेले. त्यांनी त्या यंत्राला कासव नाव ठेवलं आणि ते माळ्यावर टाकलं. मग प्लॅस्टिकच्या कागदावर गोळा ठेवून डाव्या तळव्यानं दाबत, कागद फिरवत, पुन्हा दाबत त्यांनी भाकरी जमवली. वेडीवाकडी व्हायची. मी चुकून हसले. "पोटान जाऊन ती कुठं गोल रवते?" काकी म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी बाईला कामावरून मोकळं केलं.

शेवटचा पॉइंट लागला तो नेमका गौर घरी आली त्या शुक्रवारी. पहिल्या दिवशी साधा भाजीभाकरीचा नैवेद्य असतो, तो गॅसवर झाला. संध्याकाळी सलीमनं सगळी यंत्रं लावली आणि काकींना म्हणाला, एकदम चालू करून बघा. त्यांनी एकेक बटण कोपरानं दाबलं. ग्राइंडर फिरला, मिक्सर फिरला, पिठाचं मशीन फिरलं, कुकरचा दिवा लागला, फ्रिज चालूच होता. सगळं घर घुमायला लागलं. काकी मधोमध उभ्या राहून एकेका यंत्राकडं बघत होत्या. "समदे येकाच शिफ्टला," त्या म्हणाल्या, आणि आजारानंतर पहिल्यांदा मोकळं हसल्या.

शनिवारी सकाळीच भाऊबंद आले. हॉल भरला. काकींनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन सांगितलं की आत कुणी पाऊल टाकायचं नाही. मला उंबऱ्यापर्यंत परवानगी होती, कारण मी म्हात्रे नव्हते. दुपारी लोडशेडिंग होतं, त्याच्या आत सगळं उरकायचं होतं. त्यांनी भात लावला, पिठाचं मशीन चालू केलं, ग्राइंडरमध्ये खोबरं आणि भाजलेला मसाला घातला आणि बटण दाबलं.

दगड अर्धा वेढा फिरला, कण्हला आणि थांबला. डोक्यावरचा दिवा पिवळा पडला. काकींनी भात बंद केला, पीठ बंद केलं, फ्रिजसुद्धा बंद केला. ग्राइंडर नुसता गुणगुणत राहिला. मिक्सर लावून बघितला, पण एरवी रेंगाळत का होईना मूठभर वाटण वाटणारा तो एवढ्या वाटणाला दमला, त्याच्यातून जळका वास आला. मागच्या कारखान्याचा खडखडाट तेवढा नेहमीसारखा चालू होता.

धर्माकाका माझ्यामागं येऊन उभे राहिले होते. त्यांनी वर दिव्याकडं बघितलं, मागच्या भिंतीकडं कान दिला.

"काल शुक्रवार व्हता," ते म्हणाले.

कुणाला आणखी काही सांगावं लागलं नाही. माग बंद असले की आमच्या लायनीला विजेचा दाब पुरेपूर असतो. माग चालू झाले की सगळी ताकद तिकडं जाते आणि घरातला पंखासुद्धा रेंगाळतो. भिवंडीत जन्म काढलेल्या माणसांना हे माहीत नाही असं नाही. पण दुरुस्ती शुक्रवारची, आणि केलेलं काम चालवून बघायचं तेही शुक्रवारीच, ही सवय इतकी अंगात मुरलेली की सलीम, काकी, जन्मभर मागांवर राबलेले धर्माकाका, कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

रंजना उंबऱ्यापाशी आली. पदर खोचलेला होता. हळूच म्हणाली, "वयनी, पाटा कारू का?"

"पाट्याला हात लावलास त गवर नेशील. ठाव हाय मना," काकी म्हणाल्या.

रंजना दोन पावलं मागं सरली. मला काकींचा राग आला. ती बाई मदतीला आली होती, आणि आमच्या काकी तिला चोर ठरवत होत्या. पण काकींनी पदरातला हात डाव्या हातानं घट्ट दाबून धरला होता, हेही मी बघत होते.

कुणीतरी म्हणालं, कारखान्यात सांगू, थोडा वेळ माग बंद ठेवा म्हणून. काकींनी तेही उडवून लावलं. कारागिरांची मजुरी निघालेल्या कापडावर असते, एका जॉबरच्या बायकोला हे कुणी शिकवायला नको होतं. "माजी चूल पेटवाला त्यांची विझवू काय?" एवढंच म्हणाल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. हॉलमध्ये गौर नवी साडी नेसून बसलेली, इथं वाटण तसंच भांड्यात. धर्माकाकांनी चपला घातल्या आणि कुणाला न सांगता खाली गेले.

थोड्या वेळानं मागचा आवाज विरळ झाला. एकेक माग थांबत गेला. दिवा पांढरा झाला, आणि बटण चालूच राहिलेला ग्राइंडर अचानक फिरायला लागला तशी मी दचकले. काकी दचकल्या नाहीत. त्या आधीच ओट्याकडं वळल्या होत्या. आता मी बाजूला झाले, कारण त्यांच्या वाटेत उभं राहणं धोक्याचं होतं. पाय ओढत, या पॉइंटपासून त्या पॉइंटकडं जात, डाव्या हातानं आणि कोपरानं त्यांनी ते स्वयंपाकघर हाकलं. वाटण झालं, पीठ मळून झालं, भात शिजायला लागला. कारखाना पुन्हा सुरू झाला तेव्हा मटण गॅसवर रटरटत होतं.

धर्माकाका परत आले तशी काकींनी त्यांनाच फैलावर घेतलं. "विचारला कोनी तुमाना?" काकांनी सांगितलं ते असं. एरवी कारागीर आळीपाळीनं खानावळीत जेवून येतात, आज मुकादमानं सगळ्यांना एकदम आणि लवकर पाठवलं. मजुरी कुणाची बुडाली नाही. बदल्यात पुढच्या शुक्रवारी काका त्यांचे कुरकुरणारे माग नीट करून देणार होते. तसे ते गेले, आणि संध्याकाळी हात तेलानं काळे करून इतके खूश परत आले की काकी त्यांना रागवायचं विसरल्या.

पण शनिवारचं अजून राहिलंय. ताट वाढलं गेलं. भाकऱ्या वेड्यावाकड्या, पण पदर सुटलेल्या, मऊ. गणपतीपुढचा पडदा ओढला. काकी लुगडं बदलून आल्या, ताट गौरीपुढं ठेवलं आणि ताटाभोवती पाणी फिरवायला पळीपंचपात्राकडं डावा हात नेला.

"हिरे, डाव्या हातान न्हाय," धर्माकाकांची म्हातारी आत्या म्हणाली. ती दुष्टपणानं बोलली नाही. देवाला डाव्या हातानं दाखवत नाहीत, हे तिनं नुसतं सांगितलं.

काकींचा हात तिथंच थांबला. किती महिने त्यांनी विचार केला होता, प्रत्येक कामाला यंत्र शोधलं होतं, प्रत्येक यंत्राला पॉइंट. हे मात्र राहून गेलं होतं. याला पॉइंट नव्हता. त्या आपल्या पदरात गुंडाळलेल्या हाताकडं बघत राहिल्या. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

रंजना मागून आली. हात ओले होते, ते तिनं पदराला पुसले. काकींच्या उजव्या अंगाला बसली, पदर बाजूला केला आणि तो हात मनगटाला धरून उचलला. पळी त्या बोटांत ठेवली आणि बोटं आपल्या मुठीत मिटून घेतली. काकींनी मान वळवून तिच्याकडं बघितलं. सकाळी जे बोलल्या होत्या ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"घट धर," काकी म्हणाल्या.

दोघींनी मिळून ताटाभोवती पाणी फिरवलं. मग आत्यानं तो प्रश्न विचारला जो सगळ्यांच्या मनात होता, मग आता नैवेद्य कोनाच्या हातचा धराचा. पुढच्या सगळ्या वर्षांचं त्यावर ठरणार होतं आणि उत्तर एकीच्याच हातात होतं.

"वयनीचाच हात व्हता," रंजना म्हणाली. "मी नुसता धरलेला."

गवर कामतघरलाच राहिली. दरवर्षी रंजना कशेळीहून सकाळी लवकर यायची. पहिली एकदोन वर्षं ती हॉलमध्ये बसायची, पुढं उंबऱ्यात, आणि मग कधीतरी काकींनी तिला भाकऱ्यांना बसवलं. अटीचं काय झालं ते कुणी काढलं नाही. नैवेद्य दाखवून झाला की काकी चाखून बघत आणि वाटी पुढं करत.

मग यजमानांची बदली झाली आणि आम्ही कल्याणला गेलो. निघायच्या वर्षी मी शेवटची त्यांच्या गौरीला गेले. काकी बऱ्याच थकल्या होत्या. ताट वाढून झालं होतं, त्या गौरीपुढं पाटावर बसल्या होत्या. रंजना आत गॅसजवळ कशाततरी अडकली होती, येते येते म्हणत होती. मी दारात उभी होते. काकींनी डाव्या हातानं पदर सारला, पळी उजव्या बोटांत अडकवली, स्वतःचा उजवा हात स्वतःच मनगटाला धरून उचलला आणि ताटावर नेला. सहज नेला. कुणाच्याही मदतीशिवाय त्यांना पाणी फिरवता आलं असतं. मला वाटतं, पहिल्या वर्षानंतर लवकरच त्यांच्या ते लक्षात आलं असावं.

त्यांनी पाणी फिरवलं नाही. हात तसाच पुढं धरून, स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत, त्या रंजनाची वाट बघत बसल्या.